चाळीस आयब्रो

गोखिवऱ्याच्या ब्यूटी पार्लर क्लासला शिकायला गेले, तर स्वप्ना मॅडमनी पहिल्याच दिवशी मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. "हंसाकाकू, या वयात तुमचा हात काय वळणार? पोरींना सरावाला चेहरा द्या." तीन महिने पोरींनी माझ्या भुवया ओरबाडल्या. माझ्या हातात दोरा कधी आलाच नाही. प्रॅक्टिकलच्या वहीत मात्र 'चाळीस आयब्रो केल्या' असं लिहून मॅडमनी स्वतः सही ठोकली.

परीक्षेला बाहेरून बाई आल्या. माझी वही बघून म्हणाल्या, "वा, चाळीस! मग तुमची मॉडेल कुठाय?"



"ह्या काय, आमच्या मॅडम," म्हणत मी खुर्ची पुढे सरकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा दोरा दातांत धरला.