मधली भिंत

“आणि मुलं कुठे बसणार?” वडिलांनी विचारलं.

मुलीने हातातला नकाशा खाली घेतला. ती आर्किटेक्ट. कुटुंब न्यायालयाची ही नवी इमारत तिनेच आखलेली. भिंती उभ्या राहिल्या होत्या, गिलावा व्हायचा होता. वर्तमानपत्रात वाचून वडिलांनीच फोन केला होता, बघायला येऊ का म्हणून. एरवी दोघांचं बोलणं तब्येतीच्या चौकशीपुरतं. पण तिला नाही म्हणवलं नाही.

“मुलं ज्याच्याकडे राहतात त्याच्याबरोबर,” ती म्हणाली. “म्हणजे बहुतेक वेळा आईबरोबर. या बाजूच्या दालनात.”

इमारतीला दोन फाटकं होती, दोन जिने, वाट बघत बसायला दोन दालनं आणि दोन्हींच्या मधून सरळ गेलेली एक भिंत. नवऱ्याने इकडून यायचं, बायकोने तिकडून. न्यायाधीशांपुढे उभं राहीपर्यंत कोणी कोणाच्या दृष्टीस पडायचं नाही. “मॅडम, असलं घर बांधून दिलं असतं तर भांडणं इथवर आलीच नसती,” मुकादम म्हणायचा.

वकिलांनी ही रचना वाखाणली होती. खटल्यातून गेलेल्या बायकांना तिने मुद्दाम आणून सगळं फिरवून दाखवलं होतं. त्यातली एक जण तर भिंतीला हात लावून नुसती उभी राहिली होती. पण मुळात कल्पना त्यांच्यापैकी कोणाचीच नव्हती. ती एका शाळकरी मुलीची होती.

जुन्या न्यायालयात एक अरुंद बोळ होता. दोन्ही बाजूंना बाकं. एका बाकावर आई, मामा आणि मांडीवर दप्तर घेतलेली ती. समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ, वडील. मामा दातओठ खात बसायचा. आई जमिनीकडे बघायची. ती दप्तर छातीशी घट्ट धरायची. असं कितीतरी वर्षं चाललं, कारण वडील दर वेळी पुढची तारीख मागायचे. “छळायचंय त्याला, दुसरं काय,” मामा म्हणायचा. राहायचं मामाच्या घरी, तेव्हा मामा म्हणेल ते खरं. पुढे या इमारतीचं काम हाती आलं, तेव्हा तिने कागदावर सगळ्यात आधी ही भिंत आखली. असल्या बोळात पुन्हा कोणाच्या लेकराला बसायला लागू नये.

वडील भिंतीजवळ गेले. “म्हणजे पलीकडच्या माणसाला मुलं दिसणार नाहीत?”

“नाही. तेच तर हवंय.” तिचा आवाज नको इतका कोरडा झाला. “तुम्हाला आठवत असेल ना तो बोळ.”

“आठवतो तर.” ते विटांच्या थप्पीवर टेकले. “एकदा तू आलीस, तर तुझे पुढचे दात पडलेले. एकदा केस कापलेले, मी आधी ओळखलंच नाही. एकदा तुझा हात गळ्यात अडकवलेला होता. काय झालं ते विचारायचीसुद्धा सोय नव्हती.”

तिने हातातल्या नकाशाची गुंडाळी केली.

“तुझ्या मामाने मला दारात उभं केलं नसतं. शाळेतही सांगून ठेवलेलं. माझा वकील वैतागायचा. म्हणायचा, सही करा आणि मोकळे व्हा. पण सही केली, की बोळ संपला.”

“म्हणून तारखा मागायचात?”

“दुसरीकडे तू भेटत नव्हतीस, बाळ.”

त्यात तक्रार नव्हती. कोणी रस्ता विचारावा आणि आपण सांगावा तसं ते म्हणाले, पँटवरची विटांची धूळ झटकली आणि निघाले.

त्यांना फाटकापर्यंत सोडून ती परत आली. भिंतीपुढे उभी राहिली. बोळातली तिची भीती खोटी नव्हती. त्या बायकांची भीतीही खोटी नव्हती. भिंत पाडून चालणार नव्हतं. पण समोरच्या बाकावरच्या माणसाला तिने कधी काही विचारलंच नव्हतं, हेही तितकंच खरं होतं.

तिने खिशातली पेन्सिल काढली आणि विटांवरच रेघा ओढल्या. मधे एक खोली. मुलांची. दोन्ही दालनांतून एकेक दार. आत न्यायालयाची एक बाई कायम बसलेली. आई बाहेर गेली की बाप आत येणार, बाप गेला की आई. मोठ्यांची गाठ पडायला नको, पण लेकरू दोघांनाही भेटायला हवं.

“उद्या गिलावा आहे, मॅडम,” मागून मुकादम म्हणाला.

“थांबवा. इथे एक खोली काढायचीय. न्यायाधीशांशी मी आजच बोलते.”

मुकादमाने डोकं खाजवलं, रेघांकडे पाहिलं आणि गवंड्यांना वरच्या मजल्यावर पाठवून दिलं.

संध्याकाळी तिने आईला फोन केला. आईच्या उमेदीची वर्षं त्या तारखांनी खाल्ली होती, म्हणून कसं सांगावं हेच तिला कळेना. जपून जपून, पण सगळं सांगितलं. खोलीचंही सांगितलं.

“आई, ते छळत नव्हते गं. आपल्याला माहीतच नव्हतं.”

“तुला नव्हतं,” आई म्हणाली. “नाहीतर तुला सांभाळायला मामी घरात असताना, दर तारखेला तुझी शाळा बुडवून मी तुला तिथे कशाला नेलं असतं?”