काचबेडकीची सावली

सकाळचे कोवळे ऊन आधी खिडकीच्या चौकटीवर रेंगाळले, मग काचपेटीतल्या ओल्या, रुंद पानांतून हिरवे होत होत, कसलीही घाई नसल्यासारखे समोरच्या पांढऱ्या भिंतीवर येऊन टेकले. त्या उजेडात, नेहमीच्याच जागी, बेडकीची सावली उमटली. काचेसारख्या कातडीच्या या जातीची सावलीही काळी नसे. ती पाणेरी असे आणि तिच्या मधोमध काळजाचा तांबूस ठिपका धडधडताना दिसे.

पाच वर्षे तिची निगा राखणाऱ्या तरुणाने नोंदवहीत आजही लिहिले, ‘जिवंत.’ तिच्या जातीची ती शेवटची होती. ती गेली, की जातच संपणार होती.

फरशी पुसणाऱ्या मावशी भिंतीकडे पाहून हसल्या. “अहो, काळीज बघा कसं उडतंय हिचं! तुमच्यावर जीव जडलाय वाटतं.”

“मावशी, तुम्हालाही दिसतंय?” त्याने नोंदवही मिटत विचारले.

“न दिसायला काय झालं? पण बाईसाहेब बसल्यात कुठे?”

मावशींनी झाकण काढून एकेक पान उलटून पाहिले. पेटीत नुसते शेवाळ होते.

भिंतीवरचा ठिपका थांबला. सावली सावकाश त्याच्याकडे वळली. मग ठिपका पुन्हा धडधडू लागला, अगदी त्याच्या छातीतल्या ठोक्यांबरोबर.

पाठीमागच्या कपाटाकडे पाहायचे त्याने आठ दिवस टाळले होते. तिथे स्पिरिटच्या बरणीत त्याने स्वतःच्या हाताने तिला ठेवले होते. ती मेली होती.