औंदा नको

दूध सोसायटीचे जनावरांचे डॉक्टर फेरीवर आले आणि म्हैस भरवायची का, म्हणून विचारू लागले. कासरा गंगासागरच्या हातात होता.

“औंदा नको, डॉक्टर,” तिचा नवरा गुरुपाद म्हणाला. “मागल्या वेताला मरता मरता वाचली. रेडकू गेलं. त्यात हा दुष्काळ, अंगात काय राहिलंय तिच्या? एक साल खाऊन-पिऊन निब्बर होऊ द्या, मग तपासून बघू.”

गंगासागर त्याच्याकडे बघतच राहिली. पाच महिन्यांमागं आठव्या महिन्यात तिचं बीपी चढलं, झटके आले, पोर पोटातच गेलं. दवाखान्यातल्या बाईंनी गुरुपादला समोर बसवून हेच सांगितलं होतं. घाई करू नका, आधी अंग भरू द्या, तपासून घ्या, मगच पुढचं बघा. तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. त्याचं ध्यान नसेल, असंच ती आजवर समजत आली होती. त्याला तर सगळं पाठ होतं.

डॉक्टर गेले. गुरुपादनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

“हिला सावलीला बांध अन् लौकर आवर,” तो म्हणाला. “आई वाट बघायलीय. कपिलधारला जाऊन पाळण्याचा नवस बोलायचा हाय.”