पांढऱ्या टुटूवरचा डाग

"हलू नकोस. श्वाससुद्धा घेऊ नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि नर्तकी खरोखरच श्वास रोखून उभी राहिली.

पांढऱ्या टुटूवर, बॅलेच्या त्या जाळीदार झग्यावर, कमरेच्या जरा खाली रक्ताचा थेंब होता. मोहरीएवढाच. पण पांढऱ्यावरचा लाल ठिपका शेवटच्या रांगेतूनही दिसतो. पहिली घंटा होऊन गेली होती. चोळीच्या हुकांवर टाके घालून नर्तकीला झग्यात शिवूनच टाकलं होतं. आता तो उतरवून दुसरा चढवायला वेळ नव्हता.

दारात नृत्यदिग्दर्शक उभे होते. "मागे चोळीत टाचणी राहिली, हिची पाठ सोलवटली. तेव्हा मी गप्प बसलो. आज हे! ज्याच्या हातून झालं, त्याने उद्यापासून या खोलीत पाऊल ठेवायचं नाही." एवढं बोलून ते तरातरा रंगमंचाकडे गेले.

खोलीत सुई धरणाऱ्या दोघीच. मोठ्या बाई आणि त्यांची भावजय, धाकट्या भावाची बायको. भावाच्या शब्दाखातर बाईंनी तिला इथे चिकटवलं आणि तेव्हापासून त्या पस्तावत होत्या. पोरगी कामाला वाईट नव्हती, पण भारी संथ. त्यातून तिला अलीकडे नवीच खोड लागली होती. बाई शिवायला बसल्या की ती त्यांच्या हातांकडे टक लावून बघत बसायची. हिचा आपल्या खुर्चीवर डोळा आहे, असं बाईंनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

आणि खुर्चीशिवाय बाईंना होतं काय? त्यांनी लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "माझा संसार जाळीचा, थरावर थर." टुटू म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नव्या मुलींना त्या कौतुकाने सांगत, हा झगा पूर्वी पोटरीपर्यंत यायचा. मग मुली बोटांच्या टोकांवर उभ्या राहून गिरक्या घ्यायला लागल्या आणि लोकांना पायांची करामत दिसेना, तेव्हा तो सरकत सरकत वर आला आणि कमरेभोवती आडवा पसरला. दिव्यांच्या ज्योतीने जाळी पेटून मुली भाजल्या, तरी कोणी त्याला सोडलं नाही. "फॅशनी आल्या नि गेल्या, हा टिकला. पडदा वर जातो, हा दिसतो, आणि टक्कल पडलेली माणसंसुद्धा पोरांसारखी आ वासतात!" अशा झग्यावर रक्त म्हटल्यावर बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणाचं हे?"

भावजयीने एकदा बाईंकडे पाहिलं. "माझं, वन्सं. सुई लागली."

"वाटलंच मला! मग तोंड काय बघतेस? दोरा चघळ."

हा शिवणाऱ्यांचा जुना तोडगा. पाणी लावलं तर डाग पसरतो. म्हणून दोरा तोंडात घोळवून ओला करायचा आणि त्याने रक्त टिपायचं. पण ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी लागते. दुसऱ्याची चालत नाही. बाईंना हे त्यांच्या गुरूने शिकवलं होतं आणि उभ्या आयुष्यात ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

भावजय गुडघ्यांवर बसली. दोरा चघळून तिने डागावर फिरवला. डाग होता तिथेच.

"नीट भिजव. आता थुंकायलाही वेगळा माणूस ठेवू का?"

तिने पुन्हा केलं. काही फरक नाही. दुसरी घंटा झाली. नर्तकीने दाराकडे मान वळवली आणि जाळीचे सगळे थर हलले.

"बाई, लवकर ना हो!"

"रडू नकोस, काजळ ओघळेल. सरक गं तू!"

भावजयीला ढकलून बाई स्वतः खाली बसल्या. तोच तिने चटकन त्यांचं डावं मनगट पकडलं आणि झग्यापासून लांब ओढून धरलं.

"सोड!"

"नाही सोडणार. एका हाताने करा."

उर्मटपणाची हद्द झाली होती, पण भांडायला वेळ कुठे होता? बाईंनी नवा दोरा तोंडात घातला. आपल्या थुंकीने काही होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण बुडत्याला काडीचा आधार.

दोरा फिरला. डाग गुलाबी झाला. मग फिका झाला. मग उरलाच नाही.

तिसरी घंटा झाली आणि नर्तकी धावत सुटली.

बाई जमिनीवरच बसून राहिल्या. त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. पहिल्या बोटात सुई चांगली खोल गेली होती आणि रक्ताचा ओघळ तळव्यापर्यंत आला होता. त्यांनी अंगठ्याने ते बोट दाबलं. मग जोरात दाबलं. दुसऱ्या कोणाचं बोट दाबावं तसं वाटलं. त्यांना ती टाचणी आठवली. चोळीतून शेवटचा हात त्यांनीच फिरवला होता, आणि त्यांची बोलणी मात्र भावजयीने खाल्ली होती.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"बरेच दिवस झाले, वन्सं." भावजय त्यांच्या बोटाला रुमाल गुंडाळत होती. "तुमचं काम झालं की मी सगळं एकदा चाचपून बघते. आज राहिलं."

"मग माझं माझं म्हणून कशाला पुढे झालीस?"

"मला दुसरीकडे काम मिळेल. तुम्ही कुठे जाल?"

इतके दिवस आपण हिला काय काय बोललो, या विचाराने बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रंगमंचावर वाद्यं सुरू झाली. पडदा वर गेला असावा, कारण भरल्या सभागृहातून एकच "अहाहा" ऐकू आलं.

दिग्दर्शक दारात आले. "निभावलं एकदाचं. पण मी बोललो ते बोललो. कोणाच्या हातून झालं?"

भावजय उठायला लागली. बाईंनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"माझं रक्त होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "आणि मला कळलंसुद्धा नाही."