एक हाळी

लिंबाजी विहिरीच्या काठावर पहार आडवी धरून उभा होता आणि टँकरचे पाणी विहिरीत सोडू देत नव्हता. त्याचा भाऊ पिराजी फाल्गुनात दुसऱ्या गावी विहीर खोदताना दरडीखाली गेला. तेव्हापासून प्रत्येक विहिरीत लिंबाजीला तो दिसे. "खाली मानूस हाय," एवढेच तो म्हणत होता. घागरी घेऊन ताटकळलेल्या बायांपैकी एकीवरही त्याने पहार उगारली नव्हती.

पोलिसांना निरोप धाडला तो त्याच्या आईनेच. सरजाबाईला मुलाला लातूरच्या दवाखान्यात न्यायचे होते, आणि मागता येईल अशी जीप फक्त त्यांचीच होती.

फौजदार उतरताच तिने त्याला विहीर खोदणाऱ्यांची रीत सांगितली. सुरुंग पेटवण्यापूर्वी 'खाली कोण हाय का' अशी हाळी द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. हाळी देणारा मात्र तोच, ज्याचा हुकूम चालतो. मागे दोनदा मुकादमाने हाळी दिली होती आणि दोन्ही वेळा लिंबाजी शांत होऊन घरी आला होता.

"सायेब, आज हुकूम तुमचा हाय. हाळी बी तुमीच द्या. पहार तो आपनहून खाली ठिवंल."

फौजदार हसला. "म्हातारे, विहिरीशी बोलायला नेमलंय का मला?" आणि त्याने पंढरी शिपायाला खूण केली.

पहिली काठी मनगटावर बसली व पहार गळून पडली. ज्याला शस्त्र म्हणता आले असते ते आता मातीत पडले होते. काम तेथेच संपत होते. तरीही काठ्या थांबल्या नाहीत. खांद्यावर, पाठीवर, आणि तो वाकून विहिरीत डोकावू लागला तेव्हा डोक्यावर. मग फौजदाराने टँकरवाल्याला पाणी सोडायला फर्मावले. पाणी कोसळल्याचा आवाज ऐकून लिंबाजी कोपरांवर रेटत काठाकडे वीतभर सरकला. सरजाबाईने त्याच्या नाकापुढे हात धरला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

आईचा जबाब जीपच्या बॉनेटवर लिहिला गेला. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण छापील कागदावर अद्याप उस्मानाबाद जिल्हाच होता; पंढरीने ते नाव खोडून वर लातूर लिहिले. मजकूर फौजदाराने सांगितला: माझ्या मुलाने पहारीने पोलिसांवर हल्ला केला व झटापटीत तो दगडावर पडून मेला.

सरजाबाईने तो वाचून दाखवायला लावला. पंढरीने मान वर न करता वाचला.

"काठ्या किती बसल्या, ते कुठं हाय ह्याच्यात?"

"ते लिहायचं नसतं, बाई," फौजदार म्हणाला. "अंगठा दे."

तिने अंगठा शाईत दाबला. मग तो कागदावर न टेकवता वर, उन्हात धरला. फौजदाराने कागद आणखी पुढे सरकवला. तिने तिकडे पाहिले नाही. वैशाखाचे ऊन होते. शाई वाळायला वेळ लागला नाही.