बाण दाखवेल तिकडे

"खानावळवाल्याला जेवणाचं काम देणार असाल, तर पाट्या दुसऱ्या कुणाकडून रंगवून घ्या," शाळेच्या हॉलमध्ये भरलेल्या राइडच्या समितीच्या बैठकीत पेंटर म्हणाला.

उद्या रात्री गावातून सायकलींची राइड जाणार होती ना! संध्याकाळी शहरातून निघायची, रात्रभर चालायची, आणि मध्यरात्री शेकड्यांनी सायकली या एवढ्याशा गावात जेवायला, घटकाभर पाठ टेकायला थांबायच्या. गावात नुसती लगीनघाई. कुणी गाद्या वाहतंय, कुणी दिव्यांच्या माळांचा गुंता सोडवत बसलंय. चहावाला तर रोज दाढी करून फिरत होता, कारण म्हणे फोटो निघतात.

पण पेंटरपुढे कोण बोलणार? गेल्या वर्षी याच राइडमध्ये त्याचा एकुलता एक पोरगा गेला होता.

पोरगा सगळ्यांच्या पुढे होता. टाकीजवळच्या चौकात पाटीवरचा बाण सरळ हवा, तर कुणीतरी ती पाटी फिरवून गल्लीकडे करून ठेवलेली. आता गाव त्याचंच, रस्ता काय त्याला ठाऊक नव्हता? होता की. पण बापानंच लहानपणापासून डोक्यात भरवलेलं, "आपलं शहाणपण चालवायचं नाही. बाण दाखवेल तिकडे जायचं." गेला बिचारा. गल्ली पेंटरच्या घरावरून जाते आणि खानावळीपाशी परत मोठ्या रस्त्याला मिळते. तिथंच पाइपवाल्यांनी त्या संध्याकाळी चर खणला होता आणि तसाच उघडा टाकून गेले होते. अंधारात दिसला नाही.

आणि खानावळवाला त्याआधी आठवडाभर समितीच्या मागे लागलेला, राइड माझ्या दारावरून न्या म्हणून. मग संशय दुसऱ्या कुणावर जाणार?

"पेंटरभाऊ," खानावळवाला उभा राहिला, "रंग ओला होता त्या पाटीवर. ज्यानं वळवली त्याचा हात पिवळा झालाच असणार. मी त्याच रात्री तुमच्यापुढे हात धरले होते. एक ठिपका तरी दिसला का?"

"रॉकेलनं सगळं निघतं," पेंटर म्हणाला.

खानावळवाल्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर समितीचे प्रमुख. त्यांनी मान खाली घातली. खानावळवाला चपला घालून निघून गेला.

पेंटर घरी आला तर बायको मोरीपाशी ब्रश धूत बसलेली. लग्न झाल्यापासून हे काम तिचंच. हातांना कायम रॉकेलचा वास, नखांत कायम रंग. पेंटर चेष्टेनं म्हणायचा, माझी मेंदी बारमाही. आता चेष्टाही बंद झाली होती.

"काय ठरलं?" तिनं विचारलं.

"नाही दिलं काम त्याला."

तिचा हात थांबला. "द्यायचं होतं हो. वर्षभर गावानं त्याच्या ताटाला हात लावला नाही. लेकरंबाळं आहेत त्याला."

"आपल्यालाही होतं की एक."

ती परत ब्रश चोळायला लागली, इतक्या जोरात की केस गळायला लागले ब्रशाचे.

"तू त्याला माफ केलंस?"

"माफ करणारी मी कोण?" ती म्हणाली. आणि पेंटरला वाटलं, काय काळीज आहे या बाईचं! आपल्याला सात जन्मांत जमायचं नाही.

आतून त्याच्या आईचा आवाज आला. "कोण गं? आला का पोरगा?"

आई अंथरुणाला खिळलेली, खिडकीशी खाट. नातू गेल्याचं तिला सांगितलंच नव्हतं. बाहेरगावी नोकरीला लागला, असं सांगून ठेवलेलं. ती रोज विचारायची, म्हणून पेंटरनं त्या खोलीत पाऊल टाकायचंच सोडलं होतं. आईचं सगळं बायकोच बघायची.

"येईल हो आई," बायकोनं मोरीतूनच सांगितलं, आणि पदरानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पेंटर चौकात पाटी बसवत होता. यंदा नुसती मातीत रोवायची नाही, सिमेंटच ओतायचं. कुणाचा बाप आला तरी हलता कामा नये. तेवढ्यात गल्लीतून टेम्पो आला. वर पातेली, बाकडी, गाद्यांच्या वळकट्या, आणि सगळ्यात पुढे खानावळवाला, मांडीवर पोरगी घेऊन. टेम्पो चौकात जरा थांबला.

"पक्की बसली का पेंटरभाऊ?" त्यानं विचारलं.

"बसली."

"मग झालं," तो म्हणाला. "आता कुणावर आळ यायचा नाही."

टेम्पो गेला. पेंटरला वाटलं होतं, हा गावातून गेला की छाती हलकी होईल. कुठली हलकी! त्यानं ओल्या सिमेंटवरून उगाच आणखी एकदा थापी फिरवली.

घरी आला तर बायको नव्हती, शाळेत गाद्या घालायला गेलेली. मग त्यानं स्वतःच रॉकेलचा डबा ओतला, स्वतःच ब्रश धुतले, आणि हात न पुसताच, काय वाटलं कुणास ठाऊक, आईच्या खोलीत गेला. आज विचारू दे तिला, म्हटलं. आज खरं ते सांगून टाकू, एकदाचं मिळून रडू.

आई भिंतीला टेकून खिडकीबाहेर बघत होती. रॉकेलचा वास आला तशी मान न वळवताच म्हणाली, "आलीस का गं सूनबाई?"

तो खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसला.

"आज राइड ना? पोराला सुट्टी मिळाली असेल," आई म्हणाली. "मग जा की चौकात, गेल्या खेपेसारखी पाटी वळवून ये. तू वळवलीस म्हणून तर या खिडकीखालून गेलं लेकरू, मला हात करून गेलं."