रांगेच्या टोकाचा गुलाब

"आधी घराणं," सुप्रभाआजी म्हणाल्या. "वाईन मग."

लंडनजवळ मेडनहेडच्या घरामागच्या बागेत बँक हॉलिडेचं ऊन पडलं होतं. मस्यो देल्मा आदल्या संध्याकाळी फ्रान्सहून युरोस्टारने वॉटर्लूला उतरले होते, मुलासाठी मागणी घालायला. मुलगा, एतिएन, आला नव्हता. मे महिन्यात द्राक्षाचा मळा एकटा सोडत नाहीत म्हणे. म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं, आजींना फ्रेंच. म्हणून मध्ये खुर्ची टाकून नात बसली होती, तनू. स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत नवरीनेच दुभाष्याचं काम करायचं, हेही त्या बागेने पाहिलं.

"विचार, किती पिढ्या?"

"सात," तनू म्हणाली. "सगळे वाईनच करतात. सेम जागा."

"आणि इतकी वर्षं टिकले कसे?"

म्हातारा खुलला. शेजारपाजारचे मळे किडीने गेले, थंडीने गेले, लढायांत गेले. देल्मांची एक वेल गेली नाही. कारण काय, तर रांगेच्या टोकाला गुलाब. रोग आला की आधी गुलाबाला धरतो, आणि मालक वेळेत जागा होतो.

"गुलाब काय, सगळेच लावतात," मिलिंद म्हणाला. हा तनूचा बाप. दोन वाईन टूर केल्यापासून त्याला सगळं माहीत होतं.

"सगळे लावतात," मस्यो देल्मा हसले. "आमच्याकडे सून लावते. लग्न ठरलं की स्वतःच्या हाताने. झाडाला तिचंच नाव."

"किती स्वीट ना?" तनू म्हणाली.

आजींनी भज्यांची बशी बाजूला सारली. "या सुना आता कुठे असतात?"

"आजी, असं नाही विचारत."

"विचार."

तनूने विचारलं. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती.

अदेल नावाची सून म्हणे पायांपासून गेली. सकाळी उठली तर पाय जागच्या जागी, पण त्यांत जीव नाही. सासऱ्यांनी लगेच वेली उकरल्या. मुळांशी कीड नुकती पोचत होती. तिथेच रोखली. पुढची सून, ब्लांश, भर शेगडीपाशी बसून गोठली, पापण्यांवर हिमाचे कण. डॉक्टर म्हणाला, असं होतच नाही. सासऱ्यांनी त्याच्याशी वाद घातला नाही, फावडी काढली आणि साऱ्या मळ्याला माती चढवली. पुढच्या आठवड्यात थंडी अशी आली की शेजाऱ्यांच्या वेली बंदुकीसारखा आवाज करत फुटल्या.

"आणि ह्यांची बायको," तनूचा आवाज किंचित उतरला, "सिमोन. तिच्या बोटांवर ते... पांढरी पावडर टाइप..."

"भुरी," आजी म्हणाल्या. माहेर त्यांचं पिंपळगावचं, घरचे द्राक्षाचे मळे. "माणसाला होत नाही ती."

म्हातारा मायेने काहीतरी बोलला.

"ते म्हणतात, आधी गुलाबाला होतं, मग सुनेला. तिच्यापुढे रोग जात नाही. म्हणून सुनांना ते फार मानतात. ही बाटली पण सिमोनच्या नावाची आहे." तनू हसली. "आजी, अगं लेजंड आहे. टुरिस्टना सांगतात."

"सुपर्ब आहे, बाय द वे," मिलिंदने दुसरा ग्लास भरला.

"मिल्या, खाली ठेव तो." आजी उठून उभ्या राहिल्या. "तनू, त्यांना सांग. मुलगा चांगला असेल, घराणं मोठं असेल. हे लग्न होणार नाही. आमची पोर तिथे एक रोपसुद्धा लावणार नाही."

तनूने भज्यांची बशी पुन्हा जवळ ओढली.

"सांग ना गं!"

"आजी, मी लावला ऑलरेडी. ईस्टरला गेले होते ना, तेव्हा. एतिएनने खड्डा खणला, मी माती टाकली. छान फोटो आहे."

आजी हळूच खाली बसल्या. "उपट म्हणावं त्याला. आत्ताच्या आत्ता फोन कर आणि उपटायला सांग."

तनूने ओठ चावत निरोप पोचवला. म्हाताऱ्याने अदबीने मान हलवली.

"ते म्हणतात, एकदा उपटून पाहिला होता. पण ती गोष्ट जेवताना सांगायची नाही."

तेवढ्यात म्हाताऱ्याच्या खिशातला नोकिया वाजला. एतिएनचा आवाज बागेभर ऐकू येईल इतका चढला होता. धावत आला असावा. म्हातारा ऐकत राहिला. एकदा त्याने तनूकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग फोन मिटवून त्याने टोपीची कड चाचपली. शेवटी चार शब्द बोलला.

"गुड न्यूज आहे, आजी!" तनूने भाषांतर केलं. "गुलाब पाहून एतिएनला वेळेत कळलं म्हणे. यंदाचं पीक वाचलं."

"चिअर्स!" मिलिंद म्हणाला.

मस्यो देल्मांनी ग्लास उचलला नाही. ते उठले, अंगातला कोट काढला आणि भर उन्हात तो तनूच्या खांद्यांवर नीट घातला.